पोल घेतला, पण पुढे काय केलं?

एका प्राध्यापिकेचं पत्र आलं आहे. त्या विद्यापीठात प्रथम वर्षाला वनस्पतिशास्त्र शिकवतात. हॉलमध्ये १६० विद्यार्थी असतात. ‘काही शंका?’ असं विचारलं की सगळे खाली बघतात. उत्तरं देतात ती पुढच्या दोन बाकांवरची ठरलेली चार-पाच मुलं. हे बदलावं म्हणून गेल्या सत्रात त्यांनी मोबाइलवरचे पोल सुरू केले: पडद्यावर प्रश्न, मुलांनी मोबाइलवरून पर्याय निवडायचा, आणि कोणत्या पर्यायाला किती मतं पडली याचा आलेख पडद्यावर. प्रत्येक तासाला पाच-सहा प्रश्न, कधी शब्दमेघ (मुलांनी पाठवलेले शब्द एकत्र दाखवणारं चित्र), कधी गुणांची चढाओढ. पहिले काही तास मुलं खूश होती. मग उत्तरं देणाऱ्यांची संख्या घटत गेली आणि प्रश्नासाठी बाहेर काढलेला मोबाइल पुन्हा खिशात जाईना. एकदा शब्दमेघात कुणीतरी नको तो शब्द टाकला, वर्ग हसत सुटला आणि उरलेला तास त्यांनी कसाबसा संपवला. पोर्शन मागे पडला. सत्राच्या शेवटी फीडबॅकमध्ये बऱ्याच जणांनी लिहिलं, ‘विचारत बसण्यापेक्षा शिकवा.’ सगळ्यात जास्त त्यांना खुपतंय ते वेगळंच: पोलमध्ये ९० टक्क्यांच्या वर उत्तरं बरोबर येत होती, आणि परीक्षेत त्याच घटकावर मुलं आपटली. एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, हा खेळ आहे, बंद करा. विभागाच्या कपाटात जुने क्लिकरही, म्हणजे बटण दाबून उत्तर द्यायची रिमोटसारखी छोटी यंत्रं, पडून आहेत. त्यांचे प्रश्न असे: हे सगळं सोडून द्यावं का? पुढे चालू ठेवायचं तर उत्तरांना गुण द्यावेत का? नावं दिसावीत की नाही? आणि क्लिकर बरे की मोबाइल?

मॅडम,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘आलेख पडद्यावर आला की मी बरोबर उत्तर सांगते आणि पुढच्या स्लाइडवर जाते.’ तुम्ही ते सहज लिहून गेला आहात, पण बाकीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ मला त्यातच दिसतं. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

तुम्ही पोल घेता, पण त्या पोलवर तासातलं काहीच अवलंबून नसतं. ९० टक्क्यांचं उत्तर बरोबर आलं तरी पुढची स्लाइड तीच, ४० टक्क्यांचं आलं तरी तीच. मुलांच्या हे फार लवकर लक्षात येतं. आपण काय दाबलं याने पुढे काही बदलत नाही, हे एकदा कळलं की उत्तर द्यायचं कारणच उरत नाही. नव्याची नवलाई संपली म्हणून प्रतिसाद घटला असं तुम्हाला वाटतंय. थोडंफार तसं असेलही. पण माझ्या मते मुलांनी एक साधा निष्कर्ष काढला: बाईंना आपलं उत्तर नको आहे, त्यांना तास रंगवायचा आहे. तुमच्या मनात तसं काहीही नव्हतं, हे पत्रावरून स्पष्ट दिसतं. वर्गात मात्र ते तसं पोचलं.

आता ती शांतता. ‘काही शंका?’ या प्रश्नावर १६० जण गप्प बसतात याचा अर्थ त्यांना रस नाही असा तुम्ही लावला आहे. जरा त्यांच्या जागी बसून बघा. ज्याला विषय समजलेला नाही, त्याला नेमकं काय समजलेलं नाही हे सांगता येत नाही. आणि ज्याला सांगता येतं, त्याला १५९ जणांसमोर चुकायचं नसतं. शिवाय आपण शिक्षक थांबतो तरी किती? मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात शाळांच्या वर्गांत हे मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंद थांबत आणि मग स्वतःच बोलू लागत. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब होत, जास्त मुलं बोलत, उत्तर न देणारे कमी होत. पोलचा खरा उपयोग मला इथे दिसतो. तो प्रत्येकाला विचार करायला वेळ देतो आणि चुकलं तर चारचौघांत मान खाली घालायला लावत नाही. या दोन गोष्टी वर्गाला मिळाल्या तर साधन कुठलंही चालेल. त्या मिळाल्या नाहीत तर सगळ्यात महागडं साधनही उपयोगाचं नाही.

तुम्हाला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे पोलमध्ये पास आणि पेपरात नापास. तुम्ही सोबत जोडलेले प्रश्न मी वाचले. त्यातला एक असा: ‘प्रकाशसंश्लेषण पेशीच्या कोणत्या अंगकात होतं?’ पर्याय हरितलवक, तंतुकणिका, केंद्रक, रायबोसोम. ९४ टक्के बरोबर. अहो, हे उत्तर मुलं शाळेपासून पाठ म्हणत आली आहेत. या प्रश्नाने त्यांची आठवण तपासली. प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय हे त्यांना कळलं आहे का, हे तपासलं गेलंच नाही. परीक्षेत तुम्ही ‘का’ आणि ‘कसं’ विचारलंत आणि तिथे त्यांची गाडी अडली. पोल खोटं बोलला नाही. त्याला जेवढं विचारलं तेवढंच त्याने सांगितलं.

याच अनुभवातून एक अख्खी पद्धत जन्माला आली आहे, म्हणून तिची हकीकत थोडी सविस्तर सांगते. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझुर भौतिकशास्त्र शिकवायचे. विद्यार्थ्यांना त्यांचा तास आवडायचा, मुलं अवघड गणितं सोडवायची, सगळं छान चाललं होतं. १९९०च्या सुमारास त्यांच्या वाचनात आलं की न्यूटनच्या नियमांवरची गणितं सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांनाही बल आणि गती यांच्या साध्या, रोजच्या भाषेतल्या प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत. आपल्या वर्गात असं होणार नाही, या खात्रीने त्यांनी तीच चाचणी घेतली. तेव्हा वर्गातून एक प्रश्न आला: ही उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहायची, की आम्हाला एरवी वाटतं तशी? निकाल निराशाजनक लागला. पुढे एका तासाला दोन-तीनदा समजावूनही मुलांना कळेना, तेव्हा त्यांनी मुलांना सांगितलं, शेजाऱ्याशी बोला. हॉलमध्ये एकच गलका झाला आणि थोड्याच वेळात पुष्कळांना उत्तर सापडलं. नुकतंच ज्याला समजलं आहे त्याला, कुठे अडायला होतं हे ताजं आठवत असतं. प्राध्यापकाला ते आठवून वर्षं लोटलेली असतात.

त्यातून त्यांनी बसवलेला क्रम असा. कल्पनेवर बोट ठेवणारा एक प्रश्न विचारायचा. प्रत्येकाने एकट्याने विचार करून मत द्यायचं. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असली, तर उत्तर न सांगता मुलांना शेजाऱ्याला पटवायला सांगायचं आणि पुन्हा मत घ्यायचं. ३०च्या खाली असली तर विषय पोचलेलाच नाही, पुन्हा समजावायचं. ७०च्या वर असली तर थोडक्यात सांगून पुढे जायचं. म्हणजे पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं हे आलेख ठरवतो. तुमच्या वर्गात नेमका हाच दुवा निसटला आहे. आणि लक्षात घ्या, सुरुवातीला त्यांच्या वर्गात क्लिकर नव्हते. हात वर करून, कागदी फॉर्म भरून काम चालायचं. यंत्रं नंतर आली.

आता तुमच्याच विषयातला एक प्रश्न घेऊन बघू. लहानशा बीपासून प्रचंड वृक्ष झाला. त्याचं लाकूड वाळवून वजन केलं. हे वजन मुख्यतः कुठून आलं? पर्याय: माती, पाणी, हवा, सूर्यप्रकाश.

हा प्रश्न प्रकाशसंश्लेषण ‘शिकून झालेल्या’ वर्गाला विचारा. ज्यांनी हरितलवक असं अचूक सांगितलं होतं, त्यातले किती जण माती म्हणतात ते बघा. मुळं मातीतून अन्न घेतात हे इतकं लहानपणापासून कानावर पडलेलं असतं की वहीत लिहिलेलं समीकरण त्याच्या आड येत नाही, दोन्ही मनात सुखाने नांदतात. समीकरणात कार्बन डायऑक्साइड आहे. पण हवेसारख्या न दिसणाऱ्या गोष्टीतून टणक लाकूड तयार होतं, हे मनाला पटत नाही. आलेख आला की तुम्ही गप्प राहा. ‘तुमच्यापेक्षा वेगळं उत्तर दिलेला कुणीतरी शोधा आणि त्याला पटवा,’ एवढंच म्हणा. दोन-तीन मिनिटं द्या आणि मग पुन्हा मत घ्या.

त्यानंतर मुलांना व्हॅन हेलमाँटची गोष्ट सांगा. सतराव्या शतकात या फ्लेमिश विद्वानाने २०० पौंड कोरडी माती कुंडीत भरून ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि त्याला फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड १६९ पौंडांचं झालं होतं आणि माती जेमतेम दोन औंस कमी भरली. हे १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. माती म्हणणाऱ्यांचं उत्तर इथेच खोडलं जातं. पण व्हॅन हेलमाँटने स्वतः निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनलं. म्हणजे वर्गात ज्यांनी पाणी निवडलं, त्यांनी तर्क चांगला केला होता. त्यांच्या हिशेबात फक्त हवा धरायची राहिली होती. हे मुलांना मुद्दाम सांगा. चुकीच्या उत्तरामागे विचार असतो आणि बाई त्या विचाराला मान देतात, हे वर्गाला एकदा दिसलं की पुढच्या पोलला मुलं मनापासून उत्तर देतात. फक्त हवा हे उत्तर पाचव्या मिनिटाला सांगून मोकळ्या होऊ नका. हवेतलं नेमकं काय, ते पानात कसं शिरतं, सूर्यप्रकाशाला वजन नसतं मग त्याचं काम काय, हे प्रश्न मुलांकडूनच येऊ द्या. तो तास तुम्ही तयार केलेल्या स्लाइडपेक्षा चांगला होईल.

असे प्रश्न आणायचे कुठून? तुमच्याकडे खाण आहे: गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका. चुकलेली वाक्यं जशीच्या तशी उतरवून काढा, तेच तुमचे पर्याय. ‘वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन’ हे वाक्य तुम्ही दरवर्षी लाल पेनाने खोडत असाल. त्याचा प्रश्न करा: वनस्पती श्वसन कधी करतात? फक्त दिवसा, फक्त रात्री, दिवसरात्र, की करतच नाहीत? आपण बसून कल्पनेने लिहिलेला चुकीचा पर्याय सहसा कुणी निवडत नाही. मुलांनी स्वतः केलेली चूक इतर मुलंही करतात. चांगला प्रश्न तयार व्हायला वेळ लागतो, हे मी लपवत नाही. एका सत्रात दहा-बारा जमले तरी खूप झाले, ते पुढची कित्येक वर्षं कामी येतील.

वनस्पतिशास्त्रात बरोबर उत्तर असतं, म्हणून तिथे हे सोपं आहे, असं इतर विषयांचे वाचक म्हणतील. पण एकच उत्तर नसलेल्या विषयात तर चर्चा आणखी रंगते. कायद्याच्या वर्गात खटल्याची हकीकत सांगून चार संभाव्य निकाल ठेवता येतात. इतिहासात ‘या चार पुराव्यांपैकी सगळ्यात कच्चा कोणता?’ असं विचारता येतं. कवितेच्या तासाला ‘कविता कोणत्या ओळीत वळते?’ असं विचारून मतं चार ठिकाणी विभागली गेली की शिकवायला याहून चांगली सुरुवात कुठली? तिथे मत घ्यायचं ते मुलांनी एक बाजू पक्की धरावी म्हणून. काठावर बसून ऐकणारा आणि मत देऊन ऐकणारा यांच्या ऐकण्यात फरक असतो.

शेजाऱ्याशी बोलून मुलं एकमेकांची चुकीची उत्तरं उचलतील, हुशार मुलगा सांगेल ते बाकीचे दाबतील, ही शंका तुम्हाला येईल. यायलाच हवी. ती तपासली गेली आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या आनुवंशिकीच्या वर्गात मुलांना आधी एक प्रश्न दिला, मग चर्चेनंतर तोच पुन्हा दिला, आणि मग त्याच कल्पनेवरचा पण वेगळा दिसणारा दुसरा प्रश्न एकट्याने सोडवायला दिला. बरोबर उत्तरांचं प्रमाण चर्चेआधी सरासरी ५२ टक्के, चर्चेनंतर ६८ आणि एकट्याने सोडवलेल्या नव्या प्रश्नात ७३. नुसती नक्कल असती तर हा शेवटचा आकडा घसरला असता. ज्या गटांत सुरुवातीला कुणालाच उत्तर माहीत नव्हतं, तिथेही काही मुलं बोलता बोलता बरोबर उत्तरापर्यंत पोचली. हे संशोधन २००९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलं.

यात एक बारीक गोष्ट सांभाळा. पहिल्या मतदानाचा आलेख चर्चेआधी वर्गाला दाखवू नका. तुम्ही बघा, पडद्यावर आणू नका. सगळ्यात उंच स्तंभ दिसला की मुलं वाद घालणं सोडतात आणि बहुमताकडे सरकतात. ‘मतं बरीच विभागली आहेत’ एवढं सांगितलं तरी पुरे.

पोर्शनची चिंता खरी आहे आणि ती मी झटकून टाकणार नाही. असा एक प्रश्न मतदान, चर्चा, दुसरं मतदान आणि समजावणं धरून आठ-दहा मिनिटं घेतो. तुम्ही तासाला पाच-सहा विचारत होता. या पद्धतीने ते शक्यच नाही आणि त्याची गरजही नाही. दोन विचारा. काही तासांना एकच. बाकीचे तास आतासारखे शिकवा. आकृती काढत, गोष्ट सांगत केलेलं चांगलं लेक्चर ही वाईट गोष्ट नाही आणि तुमचा तास मुलांना आवडतो हे तुम्हीच लिहिलं आहे. व्याख्या, वर्गीकरणाचे तक्ते, नावांच्या याद्या मात्र तासातून बाहेर काढा आणि घरी वाचायला द्या. त्या तुमच्या तोंडून ऐकल्या म्हणून जास्त लक्षात राहतात असं नाही. तरीही एखादा घटक मागे राहील. तो शिकवून झाला अशी नोंद करायची आणि परीक्षेत मुलं आपटायची, हे गेल्या सत्रात झालंच आहे. त्यापेक्षा मला तो मागे राहिलेला परवडेल.

‘विचारत बसण्यापेक्षा शिकवा’ हे वाचून तुम्ही दुखावल्या आहात. साहजिक आहे. पण या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे, प्रश्न फार सोपे होते आणि वेळ जात होता. गेल्या सत्रापुरतं मुलांचं हे म्हणणं बरोबर होतं असं मला वाटतं. दुसरा अर्थ पुढच्या सत्रात तुमच्यासमोर येईल, त्याची तयारी आत्ताच ठेवा. हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेलं एक संशोधन २०१९ साली प्रसिद्ध झालं. ज्या मुलांनी वर्गात स्वतः धडपडून प्रश्न सोडवले, ती चाचणीत पुढे होती. पण आपण कमी शिकलो, असं त्यांनाच वाटत होतं. ज्यांनी सफाईदार लेक्चर ऐकलं त्यांना आपल्याला सगळं कळलं असं वाटलं, आणि चाचणीत ती मागे पडली. डोक्याला ताण पडला की माणसाला वाटतं आपल्याला जमत नाहीये. म्हणून सत्राच्या पहिल्याच तासाला मुलांना हे उघड सांगा: मी असे प्रश्न का विचारणार आहे, गोंधळल्यासारखं का वाटेल, आणि तसं वाटणं ठीक का आहे. पहिल्या छोट्या चाचणीनंतर पुन्हा सांगा. प्रौढ मुलं आहेत, कारण कळलं तर साथ देतात.

गुणांबद्दल माझं मत ठाम आहे: बरोबर उत्तराला गुण देऊ नका. मार्क जेम्स यांनी खगोलशास्त्राच्या दोन वर्गांत क्लिकरच्या वेळची मुलांची बोलणी ध्वनिमुद्रित करून अभ्यासली होती. जिथे चुकीच्या उत्तराने गुण जात होते, तिथे जोडीतला जास्त जाणकार बोलत होता आणि दुसरा मुकाट्याने त्याचं उत्तर दाबत होता. जिथे चुकलं तरी फारसं बिघडत नव्हतं, तिथे दोघं बरोबरीने बोलत होते आणि वेगवेगळी उत्तरंही देत होते. तुम्हाला वर्गाच्या मनात काय आहे ते हवंय, आणि गुण लावले की तेच झाकलं जातं. सहभागाला थोडे गुण द्यायचे असतील तर द्या, पण ते इतके कमी ठेवा की दोन-तीन तास बुडले तरी नुकसान होऊ नये. त्यातून हजेरी मात्र काढू नका. हजेरी लावली की एकाच्या हातात तीन जणांचे क्लिकर दिसायला लागतील आणि तुम्हाला पोलिसगिरी करावी लागेल. लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण, अशी चढाओढ कहूटसारख्या अ‍ॅपमध्ये असते. उजळणीच्या तासाला ती ठीक आहे, मुलं खुलतात. झाडाच्या वजनासारख्या प्रश्नाला ती मारक आहे, कारण तिथे सावकाश विचार करणाऱ्यालाच शिक्षा होते.

नावं वर्गाला दिसू नयेत. तुम्हाला दिसली तर हरकत नाही, पण तसं मुलांना आधी सांगा. काही नाजूक विषयांवर मत घ्यायचं असेल तर तुमच्यापासूनही लपवा. शब्दमेघ आणि मोकळा मजकूर सध्या बाजूला ठेवा. १६० जणांच्या निनावी वर्गात एखादा वात्रटपणा करणारच, त्यात तुमचं काही चुकलं नव्हतं. पुढे कधी निनावी शंका घ्यायच्या असतील, आणि त्या घेण्यासारख्या असतात, तर आधी तुम्ही वाचून मगच पडद्यावर जाईल अशी सोय स्लायडोसारख्या साधनांत असते, ती चालू करा.

क्लिकर की मोबाइल यावर फार वेळ घालवू नका. मॉन्ट्रियलमधल्या नॅथनिएल लॅस्री यांनी एका वर्गाला क्लिकर दिले, दुसऱ्याला ए-बी-सी-डी लिहिलेली साधी कार्डं दिली आणि दोन्हीकडे माझुरांच्याच पद्धतीने शिकवलं. शिकण्यात लक्षणीय फरक पडला नाही. तुमच्यापुरतं म्हणाल तर मी ते कपाट उघडेन. रेडिओलहरींवर चालणाऱ्या क्लिकरला इंटरनेट लागत नाही, ज्याच्या मोबाइलची बॅटरी संपली तो बाहेर राहत नाही, आणि तुमची मोठी तक्रार, मोबाइल खिशात परत न जाण्याची, आपोआप सुटते. आधी रिकाम्या हॉलमध्ये रिसीव्हर जोडून बघा, शेवटच्या बाकावरून सिग्नल येतो का ते तपासा आणि बॅटऱ्या बदलून घ्या. क्लिकर चालत नसतील तर जाड कागदाची कार्डं करा. मुलांनी ती छातीशी धरायची म्हणजे फक्त तुम्हाला दिसतात. तुम्हाला टक्केवारी मिळणार नाही, पण हॉलवरून नजर फिरवली की मतं विभागली आहेत की नाही एवढं कळतं, आणि निर्णय घ्यायला तेवढं पुरतं. पर्याय फक्त रंगांनी वेगळे करू नका, अक्षर मोठं लिहा. रंग नीट न ओळखणारे विद्यार्थी १६० जणांत जवळजवळ नक्की असतील. ज्यांना पडदा दिसत नाही त्यांच्यासाठी प्रश्न आणि चारही पर्याय मोठ्याने वाचा. तसं वाचल्याने बाकीच्यांनाही विचार करायला वेळ मिळतो.

तर सोडून द्यावं का? तुमच्यासमोर तीन रस्ते आहेत. पूर्ण बंद करणं हा प्रामाणिक रस्ता आहे, त्यात कमीपणा नाही. आलेखाप्रमाणे तास वळवायची तयारी नसेल तर मी तोच सुचवेन. गेल्या सत्रासारखंच चालू ठेवणं हा एकच रस्ता मी साफ नाकारते, कारण त्यात वेळही जातो आणि मुलांचा विश्वासही. तिसरा रस्ता लहान आहे: एकच घटक निवडा, समजा प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन. त्यासाठी चार चांगले प्रश्न तयार करा. वर्गाआधी ते दोन-तीन विद्यार्थ्यांना विचारा आणि त्यांना मोठ्याने विचार करायला सांगा. प्रश्नाची भाषा कुठे फसते ते तिथेच कळेल. प्रत्येक प्रश्नाखाली स्वतःसाठी लिहून ठेवा: ३०च्या खाली आलं तर मी काय करेन, मध्ये आलं तर काय, वर आलं तर काय. हे लिहिता आलं नाही तर तो प्रश्न विचारू नका. बाकीचं सत्र नेहमीसारखं शिकवा. परीक्षेत त्या घटकावर तुम्ही नेहमी विचारता तसाच ‘का’चा प्रश्न घाला आणि गेल्या वर्षीच्या उत्तरांशी ताडून बघा. वर्ग वेगळा असतो, त्यामुळे ही काटेकोर तुलना नव्हे, पण पुढे जायचं की नाही हे ठरवायला आधार मिळेल.

चर्चेच्या त्या दोन-तीन मिनिटांत व्यासपीठावर उभ्या राहू नका, हे सांगायचं राहिलं. मधल्या रांगांत जा आणि ऐका. बोलू नका, दुरुस्त करू नका. आलेखातून कोण चुकलं ते कळतं. का चुकलं ते तिथे ऐकू येतं. आणि समजावताना तुम्ही मुलांचीच वाक्यं वापरू शकता: ‘मागे कुणीतरी म्हणत होतं की खत घातलं की झाड वाढतं, मग वजन मातीतूनच आलं असणार. हे म्हणणं तपासून बघू.’ नाव न घेता.

तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांशी वाद घालू नका. गेल्या सत्रात त्यांनी जे पाहिलं त्यावरून त्यांनी मत बनवलं, आणि ते अगदीच निराधार नव्हतं. झाडाच्या वजनाच्या तासाला त्यांना बोलवा, मधल्या रांगेत बसवा आणि चर्चेच्या वेळी आजूबाजूची मुलं काय बोलतात ते ऐकायला सांगा. त्यांना इतक्या वर्षांचा अनुभव आहे. मुलं नेमकी कुठे अडतात हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, आणि पुढच्या प्रश्नाचे चुकीचे पर्याय कदाचित तेच सुचवतील.

तयार केलेले प्रश्न मला पाठवा. वर्गात जे फसतील ते आधी पाठवा. कोणत्या पर्यायाला किती मतं पडली तेही सोबत लिहा, म्हणजे पुढे काय बदलायचं ते आपण मिळून बघू.